बोटाला बरोबर, राउटरला चूक: ब्रेल नोटटेकर घरच्या वायफायला जोडतानाचं एक प्रकरण

हे प्रकरण साताऱ्यातल्या एका घरातलं आहे. बाई कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतात. जन्मापासून दृष्टिहीन आहेत आणि ब्रेलवर त्यांचा हात असा बसलेला आहे की वर्गात मुलांकडे तोंड करून त्या सलग वाचत जातात. त्यांचं नाव इथे देत नाही. घरच्या वायफायचा पासवर्डही बदलून लिहिला आहे, त्याची घडण मात्र तशीच ठेवली आहे, कारण सगळा गुंता त्या घडणीतच होता. दृष्टिहीन व्यक्तींना सहायक उपकरणं शिकवणं हे माझं काम. वायफायच्या तक्रारी माझ्याकडे नेहमी येतात, पण इथे एकाखाली एक अशी तीन कारणं निघाली. त्यातलं मधलं कारण फार घरांमध्ये न ओळखता राहतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तक्रार साधी होती. घरी जुनं कनेक्शन काढून फायबर घेतलं. नेटवाल्या मुलाने नवीन डबा भिंतीवर लावला, सगळ्यांचे फोन आणि टीव्ही जोडून दिले. बाईंचं नोटटेकर तेवढं जोडलं जाईना. त्यांचा मुलगा पुण्यात इंजिनीअरिंग शिकतो, सुट्टीत घरी आला होता. त्यानेही खटपट केली आणि सांगितलं, "आई, मशीनच गेलंय." विक्रेत्याने फोनवर मेनू सांगितले आणि शेवटी यंत्र दुरुस्तीला पाठवा म्हणाला. पाठवायचं म्हणजे कुरिअर, वाट पाहणं आणि तोवर बाईंच्या हातात काहीच नाही. शाळा-कॉलेजं उघडायची वेळ जवळ आली होती. पाठवण्याआधी एकदा बघा, एवढ्यासाठी त्यांनी मला बोलावलं.

यंत्र काय असतं

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोटटेकर म्हणजे ब्रेलमध्ये लिहायचं, वाचायचं आणि साठवायचं स्वतंत्र यंत्र. १९८७ मध्ये अमेरिकेत डीन ब्लेझी यांनी आणलेलं 'ब्रेल एन स्पीक' हे यातलं सुरुवातीचं गाजलेलं नाव. त्यावर ब्रेल कळांनी लिहायचं आणि यंत्र बोलून वाचून दाखवायचं. पुढे २००० च्या सुमारास न्यूझीलंडमधून 'ब्रेलनोट' आलं, दक्षिण कोरियातून 'ब्रेलसेन्स' आलं आणि बोटाखाली उमटणारी ब्रेलची ओळ यंत्रातच बसली.

बाईंच्या यंत्रात अशी ४० सेलची ओळ आहे. सेल म्हणजे एका ब्रेल आकृतीची जागा. प्रत्येक सेलमध्ये आठ बारीक पिना, म्हणजे एकूण ३२० पिना विजेच्या दाबाने वरखाली होतात. त्यामुळेच या यंत्रांची किंमत लाखांच्या घरात जाते आणि घरातली माणसं त्याला हात लावायला बिचकतात. वर लिहायच्या आठ कळा, खाली स्पेस. पडदा नाही. पडदा नसणं या प्रकरणात महत्त्वाचं आहे, कारण शेजारी बसलेल्या डोळस माणसाला यंत्र काय म्हणतं आहे ते दिसत नाही. मुलाला नेटवर्क समजत होतं, ब्रेल येत नव्हतं. बाईंना ब्रेल येत होतं, पण नेटवर्कबद्दल जे कळायचं ते दुसऱ्याच्या तोंडून. फोनवरच्या विक्रेत्याला मेनू पाठ होते, घर दिसत नव्हतं. बिघाड या तिघांच्या मध्ये कुठेतरी होता.

मी पहिलं विचारलं ते हे, की हे यंत्र आधी कधी वायफायवर चाललं होतं का. चाललं होतं. कॉलेजमध्ये आजही चालतं आणि घरच्या जुन्या राउटरवरही चाललं होतं. ते जोडलं कोणी? कॉलेजमध्ये यंत्र घेतल्यावर दाखवायला आलेल्या माणसाने. घरी त्यानेच राउटरचं डब्ल्यूपीएस बटण दाबून, म्हणजे पासवर्ड न लिहिता जोडायच्या सोयीने. म्हणजे इतक्या वर्षांत या यंत्रावर बाईंनी स्वतः वायफायचा पासवर्ड कधी टाइपच केला नव्हता. त्यांच्या लक्षातही ही गोष्ट आली नव्हती, कारण यंत्र एकदा जोडलं की पासवर्ड लक्षात ठेवतं.

यादीत नसलेलं नाव

यंत्रात वायफाय जोडायच्या तीन वाटा होत्या. आसपासची नेटवर्क शोधून यादीतून निवडणं, डब्ल्यूपीएस, आणि नाव-पासवर्ड दोन्ही हाताने लिहिणं. मुलगा सांगत असलेलं नाव शोधाच्या यादीत येतच नव्हतं, म्हणून त्यांनी तिसरी वाट धरली होती. तीही अपयशी ठरत होती.

मी बाईंना यादी मोठ्याने वाचायला सांगितली. शेजाऱ्यांची दोन-तीन नावं होती, आणि घरच्या नावासारखंच एक नाव होतं, फक्त शेवटी '५जी' नव्हतं. मुलगा सगळ्यांना '५जी' असलेलं नाव देत होता, कारण ते जलद चालतं. ते खरंही आहे. पण त्या नावातल्या ५जीचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. नवीन राउटर एकाच वेळी रेडिओलहरींच्या दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि नेटवाल्याने दोन्हींना वेगळी नावं दिली होती. बाईंच्या यंत्राचा रेडिओ फक्त २.४ वर चालतो. अशी बरीच ब्रेल उपकरणं आहेत. ती ५ गिगाहर्ट्झचं नाव ऐकूच शकत नाहीत, त्यामुळे ते यादीत येत नाही. आणि नाव हाताने लिहिलं तर यंत्र मुकाट्याने ते शोधत बसतं. हा पट्टा माझ्यात नाही, असं ते सांगत नाही.

बाईंना यात तोटा काहीच नव्हता. ब्रेल पुस्तकाची फाइल अगदी लहान असते, वेग लागतो तो चित्रपट पाहणाऱ्याला. शिवाय घर जुनं, भिंती जाड, बाईंची खोली मागच्या बाजूला. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींमध्ये लवकर विरतात, २.४ च्या जास्त आत पोहोचतात. त्यांच्या खोलीत मुलाच्या फोनलाही ५ वाल्या नावाची जेमतेम एक रेघ मिळत होती.

ज्या घरांत दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असतं तिथे ही अडचण वेगळ्या रूपात येते. नाव दिसतं, पण राउटर उपकरणांना ५ कडे ढकलत राहतो आणि जुनी यंत्रं मधूनच गळतात. इथे नावं वेगळी होती हे बरंच झालं.

मग २.४ वालं नाव निवडलं. पासवर्ड विचारला गेला, मुलाने सांगितला, बाईंनी टाइप केला. यंत्राने थोडा वेळ घेतला आणि जोडता आलं नाही असं उमटलं. बाईंनी पुन्हा केला, सावकाश. पुन्हा तेच. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटत होतं तेच खरं ठरलं, यंत्र गेलं.

यंत्र ठीक आहे हे आधी सिद्ध करायचं

अशा वेळी मी राउटर बाजूला ठेवते आणि फोनचा हॉटस्पॉट वापरते. बाईंच्याच फोनवर, टॉकबॅकच्या म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीच्या आवाजावर, बाईंनीच हॉटस्पॉट उघडला. पट्टा २.४ वर ठेवला आणि पासवर्ड बदलून फक्त लहान इंग्रजी अक्षरांचा ठेवला. अंक नाही, कॅपिटल नाही, चिन्ह नाही. वायफायच्या पासवर्डला किमान आठ अक्षरं लागतात, म्हणून आठ अक्षरी 'गणपती' इंग्रजी लिपीत. बाईंनी नोटटेकरवर तो टाइप केला आणि यंत्र एका दमात जोडलं गेलं.

या एका चाचणीने बरंच काही निकालात निघालं. यंत्राचा रेडिओ शाबूत आहे, यंत्राला पासवर्ड मागून घेता येतो, बाईंची अक्षरं बरोबर उमटतात. दुरुस्तीला पाठवायचं काहीच कारण उरलं नाही. हॉटस्पॉटच्या पासवर्डात जे नव्हतं आणि घरच्या पासवर्डात जे होतं, तिथेच शोधायचं उरलं.

एकच ठिपके, दोन अर्थ

घरचा पासवर्ड 'कृष्णा' हे नाव इंग्रजी लिपीत, पहिलं अक्षर कॅपिटल, आणि पुढे २०१९ असा धरू. अक्षरं सात: के, आर, आय, एस, एच, एन, ए. मग चार अंक.

पासवर्डच्या रकान्यात टाइप केलेलं दिसत नाही, त्याऐवजी तारका उमटतात. त्यामुळे काय लिहिलं गेलं हे बाईंना परत वाचता येत नव्हतं. म्हणून यंत्रात एक नवी टिपण-फाइल उघडली, तिच्यासाठी लेखनाचा तक्ता, म्हणजे कुठल्या ठिपक्यांचा अर्थ काय घ्यायचा ते ठरवणारी यादी, कॉम्प्युटर ब्रेल असा निवडला आणि बाईंना सांगितलं, मघाशी टाइप केलात तसाच, काही न बदलता इथे टाइप करा. त्यांनी केला. बोट फिरवून वाचला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे मॅडम. एकही ठिपका इकडचा तिकडे नाही."

ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन त्यांच्याच लॅपटॉपवर उघडली. लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेला मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. बाण दाबत एकेक अक्षर ऐकलं. कॉमा. के. आर. आय. पर्सेंट. एन. ए. नंबर. बी. जे. ए. आय.

बाई क्षणभर थांबल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, "हे तर मी लिहिलंय तेच आहे. फक्त यंत्राने ते ब्रेल म्हणून वाचलं नाही."

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. सेलमधल्या ठिपक्यांना क्रमांक असतात: डाव्या रांगेत वरून खाली १-२-३, उजव्या रांगेत ४-५-६, आणि आठ ठिपके असतील तर त्यांच्याखाली ७ आणि ८. सहा ठिपक्यांच्या सेलमधून ६३ आकृती होतात, रिकामी जागा वेगळी. इंग्रजी कीबोर्डवरची लहान-मोठी अक्षरं, अंक आणि चिन्हं मात्र रिकामी जागा धरून ९५ होतात. सहा ठिपक्यांत ती एकास एक बसत नाहीत. म्हणून शाळेत शिकवलं जाणारं ब्रेल आकृतींवर दुहेरी काम टाकतं. अंक लिहायचा तर आधी अंकचिन्ह, ठिपके ३-४-५-६, आणि मग ए पासून जे पर्यंतची अक्षरंच एक ते शून्य होतात. कॅपिटल हवं तर आधी ठिपका ६. वरच्या वर्गात गेलं की संक्षिप्त ब्रेल, ज्यात एस-एच ही जोडी १-४-६ या एका सेलमध्ये मावते. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्येही अंक असेच लिहितात आणि १-४-६ म्हणजे श. मराठी लिहिताना श, इंग्रजी लिहिताना एस-एच. बाईंच्या बोटांना ही आकृती दोन्ही भाषांतून पाठ होती. 'कृष्णा' लिहिताना तिथे दोन सेल खर्च करायचं त्यांच्या मनातही येणार नाही.

पासवर्डच्या रकान्याला हे चालत नाही. तिथे एका सेलला एकच चिन्ह हवं असतं, आधीच्या सेलवर अवलंबून अर्थ बदलायला नको. त्यासाठी कॉम्प्युटर ब्रेल आहे. त्यात सहाऐवजी आठ ठिपके घेतले की २५६ आकृती मिळतात आणि सगळी ९५ चिन्हं आरामात बसतात. त्या हिशेबात ठिपका ६ म्हणजे कॉमा. १-४-६ म्हणजे टक्क्याचं चिन्ह. ३-४-५-६ म्हणजे हॅश, जो एनव्हीडीए 'नंबर' म्हणून वाचतो. आणि त्यापुढचे बी-जे-ए-आय हे बी-जे-ए-आयच राहतात, २०१९ होत नाहीत.

बाईंनी उत्तम, शुद्ध ब्रेल लिहिलं होतं. बोटाखाली ते 'कृष्णा २०१९' असंच लागत होतं. राउटरपर्यंत मात्र भलताच बारा चिन्हांचा पासवर्ड जात होता.

यंत्राने तेव्हाच का अडवलं नाही, असं मुलाने विचारलं. प्रश्न चांगला होता. वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ चिन्हांचा असू शकतो, बारा चिन्हं त्या मर्यादेत बसतात, म्हणून यंत्राला तक्रार करायला जागा नव्हती. आणि राउटरलाही 'तिसरं अक्षर चुकलं' असं सांगता येत नाही, कारण पासवर्ड हवेतून जातच नाही. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षापद्धतीत दोन्ही बाजू पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घुसळून, ४,०९६ वेळा फिरवून त्यापासून एक किल्ली तयार करतात आणि दोघांच्या किल्ल्या जुळतात का एवढंच तपासतात. एक अक्षर चुकलं काय किंवा सगळी चुकली काय, किल्ली सारखीच परकी. म्हणून पडद्यावर काय किंवा ब्रेलच्या ओळीवर काय, निरोप एकच येतो: जोडता आलं नाही.

मग तोच पासवर्ड कॉम्प्युटर ब्रेलमध्ये. कॅपिटल के म्हणजे के चे ठिपके १-३ आणि त्याच दाबात ७. पुढे आर, आय, एस, एच, एन, ए, सगळी सुटी. अंक अक्षरांच्याच आकृतीत, पण सेलमध्ये एक ओळ खाली सरकवलेले: दोन म्हणजे २-३, शून्य म्हणजे ३-५-६, एक म्हणजे नुसता २, नऊ म्हणजे ३-५. अंकचिन्ह नाही.

बाईंनी हे ठिपके एकदा ऐकले, टिपण-फाइलमध्ये दोनदा लिहून एनव्हीडीएकडून वाचून घेतले आणि मग पासवर्डच्या रकान्यात टाइप केले. जोडलं गेलं.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. कॉम्प्युटर ब्रेलचा तक्ता जगभर एकच नाही. वर दिलेले ठिपके अमेरिकन तक्त्याचे आहेत, या यंत्रात तोच होता. जर्मन तक्त्यात एक हा अंक १-६ असा लिहितात. दुसऱ्या देशातून आलेलं किंवा कोणी तक्ता बदलून ठेवलेलं यंत्र असेल तर पाठ केलेले ठिपके फसवतील. तेव्हा टिपण-फाइलमध्ये लिहायचं आणि संगणकाकडून ऐकायचं, ही चाचणी कुठल्याही तक्त्यावर चालते. सांगणाऱ्याला ब्रेल येत नसलं तरी चालते. म्हणूनच मला ती कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा कामाची वाटते.

सोपी वाट आणि बाईंचा नकार

मुलाने एक पर्याय सुचवला आणि तो अडाणी नव्हता. राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचं एक पाहुण्यांसाठीचं नेटवर्क काढायचं, त्याला फक्त लहान अक्षरांचा लांब पासवर्ड द्यायचा आणि ते आईच्या यंत्रासाठी ठेवायचं. लहान अक्षरं दोन्ही प्रकारच्या ब्रेलमध्ये सारखी, संक्षेप टाळले की झालं. आणि लांब पासवर्ड अक्षरांचाच असला तरी भक्कम असतो. चिन्हांच्या करामतीपेक्षा लांबी महत्त्वाची, हे अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ च्या आपल्या मार्गदर्शिकेत मान्य केलं आहे. ब्रेल नुकतंच शिकणाऱ्या व्यक्तीच्या घरी मी स्वतः हा उपाय सुचवेन.

बाईंना तो नको होता. त्यांचं कारण व्यवहाराचं होतं. पाहुण्यांचं नेटवर्क कोणीतरी राउटरच्या पानावर जाऊन चालू ठेवायचं. नेटवाल्याने कधी डबा रीसेट केला की ते पहिलं उडणार आणि घरात कोणाच्या लक्षात येणार नाही, कारण ते दुसरं कोणी वापरतच नाही. "सगळ्यांचं चाललं पाहिजे तेव्हा माझंही चालेल असं ठेवा," त्या म्हणाल्या. "आठ ठिपके मी शिकते." मला त्यांचं म्हणणं पटलं. शिवाय पासवर्ड वायफायपुरता थोडाच असतो? ईमेल, पुस्तकांचं खातं, प्रत्येक ठिकाणी कॉम्प्युटर ब्रेल लागणारच.

डब्ल्यूपीएसचाही विचार झाला, कारण त्यात टाइप काही करावं लागत नाही. २००६ मध्ये ही सोय आली. पण २०११ च्या अखेरीस तिच्यातल्या आठ अंकी पिनची पद्धत सहज फोडता येते हे उघड झालं आणि तेव्हापासून बरेच नेटवाले डब्ल्यूपीएस पूर्ण बंदच ठेवतात. बटण दाबून जोडण्याच्या पद्धतीत तो दोष नव्हता, पण बंद होताना दोन्ही गेल्या. या राउटरवरही बंद होतं. नवीन डब्ल्यूपीए३ सुरक्षेत तर डब्ल्यूपीएसला जागाच नाही. आणखी एक धोका दृष्टिहीन व्यक्तीच्या घरी आवर्जून सांगावा असा: काही राउटरवर डब्ल्यूपीएस आणि रीसेट यांचं बटण एकच असतं. थोडं दाबलं तर जोडणी, धरून ठेवलं तर सगळी मांडणी पुसली जाते. हाताला दोन्ही वेळी बटण सारखंच लागतं.

राउटरचं पान बाईंनीच उघडलं, लॅपटॉपवर, १९२.१६८.१.१ लिहून. आत शिरायचा पासवर्ड राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर होता, बारीक अक्षरांत, तो मुलाने वाचला. पानावरची काही बटणं एनव्हीडीएला नुसती 'बटण' म्हणून ऐकू येत होती, नाव नसलेली, त्यामुळे तिथे मुलाला विचारत जावं लागलं. पण सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र आहे, चॅनेल ६ आहे, उपकरणं अडवण्याची यादी रिकामी आहे, हे त्यांनी स्वतः बाण फिरवून ऐकलं. सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए३ ठेवली असती तर त्यांचं यंत्र पासवर्ड बरोबर असूनही जोडलं गेलं नसतं.

जोडलेलं आहे, तरी काही येत नाही

वायफाय जोडलं गेलं, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि बाईंनी पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयाचं खातं उघडलं. तिथे पुन्हा नन्ना. यंत्र जोडलेलं दाखवत होतं, राउटरने त्याला पत्ता दिला होता, पण ग्रंथालयाशी बोलणं होत नव्हतं.

हे शेवटचं कारण लहान होतं. सुट्टीत यंत्र वापराविना पडून बॅटरी पार उतरली होती आणि घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीला जाऊन बसलं होतं. सुरक्षित संकेतस्थळं स्वतःची ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवतात. त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, आणि २०२० मध्ये ती जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आणली गेली होती. यंत्राच्या हिशेबाने ग्रंथालयाचं प्रमाणपत्र अजून सुरूच व्हायचं होतं, म्हणून त्याने नकार दिला. पडद्यावर घड्याळ कोपऱ्यात दिसत असतं, डोळस माणसाच्या सहज नजरेला पडतं. इथे तारीख मुद्दाम विचारल्याशिवाय कळत नाही. तारीख-वेळ बसवली आणि खातं उघडलं.

त्या संध्याकाळी त्यांनी काही पुस्तकं उतरवून घेतली, यंत्राचं प्रलंबित अपडेटही करून घेतलं. भारताने २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलून मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकं सुगम रूपात आणायची मोकळीक दिली, आणि २०१४ मध्ये याच हेतूचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मान्य करणारा आपला देश जगात पहिला होता. त्यामुळे आज मराठी पुस्तकंही अशा ग्रंथालयांत येऊन पोहोचली आहेत. घरचं वायफाय बंद म्हणजे ते सगळं बंद. याची किंमत दुरुस्तीच्या बिलात धरली जात नाही, म्हणून सांगते.

कागदावर काय ठेवलं

निघण्यापूर्वी मी एकच आग्रह धरला. नेटवर्कची माहिती ब्रेलमध्ये बाईंच्या हाताखाली हवी. घरात ती तीन ठिकाणी होती: राउटरच्या बुडाशी छापलेली, मुलाच्या फोनमध्ये, आणि नेटवाल्याच्या वहीत. तिन्ही डोळ्यांनी वाचायच्या. मुलगा पुण्याला गेला की बाईंना स्वतःच्याच घराचा पासवर्ड दुसऱ्याला विचारावा लागणार होता.

बाईंनी हाताने ब्रेल टोचायची पाटी आणि कलम काढली. पाटीवर सहाच ठिपके, सातवा टोचायला जागा नाही, तेव्हा कॅपिटल दाखवायचं कसं? त्यांनीच युक्ती काढली. पूर्ण सेल, सगळे सहा ठिपके, ज्या अक्षराआधी असेल त्यात सातवा ठिपका मिळवायचा. कॉम्प्युटर ब्रेलमध्ये पूर्ण सेल म्हणजे बरोबरचं चिन्ह, पण घरच्या पासवर्डात ते नाही, त्यामुळे घोळ नाही. त्या कार्डावर दोन्ही पट्ट्यांची नावं, पासवर्ड, राउटरच्या पानाचा पत्ता आणि आत शिरायचा पासवर्ड एवढं लिहिलं. राउटरवर फक्त दोन ब्रेल पट्ट्या चिकटवल्या, एक चालू-बंद बटणापाशी आणि एक रीसेटच्या भोकाशेजारी. पासवर्ड तिथे नाही लावला, डबा दिवाणखान्यात आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांत ब्रेल वाचणारं कोणीही असू शकतं.

मुलाने ए पासून जे पर्यंतची अक्षरं आणि खाली सरकवलेले अंक वहीत उतरवून घेतले. पुण्याहून फोनवर आईला पासवर्ड सांगायची वेळ आली तर तो आता ठिपक्यांत सांगू शकतो.

दिवाळीच्या आसपास नेटवाल्याने तो डबा बदलला. त्या वेळी घरात बाई एकट्याच होत्या. त्यांनी नेटवाल्याला लगेच जाऊ दिलं नाही. बुडाशी छापलेलं सगळं मोठ्याने वाचून घेतलं, २.४ चा पट्टा वेगळ्या नावाने चालू ठेवायला सांगितला, सुरक्षा मिश्र ठेवायला सांगितली आणि त्याच्यासमोर यंत्र जोडून पाहिलं. नवीन पासवर्डात मध्येच एक ॲटचं चिन्ह आहे, ४-७. ते त्यांनी टिपण-फाइलमध्ये आधी तपासून घेतलं.

मला हे फोनवर कळलं, कारण त्यांना दुसरंच विचारायचं होतं. उतरवलेलं एक मराठी पुस्तक उघडलं की जोडाक्षरं भलतीच लागत होती. वाचनाचा तक्ता इंग्रजीवर राहिला होता, तो मराठीवर नेला आणि ठिपका ४ पुन्हा हलन्त म्हणून बोटाखाली यायला लागला.